व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाच्या मदतीसाठी घरी कुत्रा कसा तयार करावा

मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला दिवसात अनेकदा अडवणाऱ्या गोष्टी लहानच असतात. मोबाईल निसटून पलंगाखाली जातो, किल्ल्या पडतात, मागच्या खोलीपर्यंत हाक पोचत नाही. अशा वेळी नीट शिकवलेला कुत्रा खरोखर उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियात १९७५ साली सुरू झालेल्या ‘केनाइन कम्पॅनियन्स’ने असे कुत्रे तयार करायला घेतले, आणि आज अनेक देशांत हे काम संस्थांच्या पातळीवर चालतं. आपल्याकडे अशा संस्था फार थोड्या आहेत, म्हणून बहुतेक घरांना एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाची साथ घेऊन हे काम स्वतःच करावं लागतं. या लेखात तीन कामं सविस्तर दिली आहेत: पडलेली वस्तू उचलून हातात देणं, घंटा वाजवून घरच्यांना बोलावणं, आणि दोरी धरून दार किंवा खण ओढणं.

खाऊ कोणाच्या हातून मिळतो

ज्याला मदत हवी आहे त्यानेच शिकवायचं आणि खाऊही त्यानेच द्यायचा. घरातली मंडळी मायेपोटी ‘तू बस, आम्ही शिकवतो’ म्हणतात. सहा महिन्यांनी कुत्रा सगळं शिकलेला असतो, पण ते भावासाठी. व्हीलचेअरवरून तेच शब्द ऐकले की तो भावाकडे वळून बघतो. आवाजाची उंची, हाताची उंची, बसण्याची पद्धत, हे सगळं कुत्र्याच्या दृष्टीने त्या शब्दाचाच भाग असतं. घरच्यांनी वस्तू मांडून ठेवाव्यात, दोरी बांधून द्यावी, वही लिहावी, फिरायला न्यावं. शब्द आणि खाऊ मात्र खुर्चीतूनच यायला हवा.

हाताची पकड कमी असेल तर सोय करता येते. साधारण दीड इंच व्यासाचा दोन फुटी पीव्हीसी पाइप खुर्चीच्या हातावर झिप टायने तिरका बांधा. वरच्या तोंडातून तळहाताने खाऊ ढकलला की तो घरंगळत कुत्र्यासमोर पडतो. वाटी मांडीत घसरू नये म्हणून तिच्याखाली रबरी जाळीची चटई ठेवा. बटणाचा क्लिकर (दाबल्यावर ‘क्लिक’ असा आवाज करणारी लहान डबी) दाबता येत नसेल तर जिभेने ‘टक’ असा आवाज काढा किंवा ‘यस’ म्हणा. मात्र जो आवाज निवडाल तो कायम ठेवा, आणि तो दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. ‘आत्ता जे केलंस ते बरोबर, खाऊ येतोय’ एवढाच त्याचा अर्थ असतो.

खाऊ वाटाण्याएवढा हवा. उकडलेलं चिकन उत्तम. शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं रताळं, गाजर चालतं. पनीर जास्त झालं तर पोट बिघडतं, म्हणून ते अवघड टप्प्यासाठी राखून ठेवा. दिवसभराचा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करायचा. लठ्ठ लॅब्राडोरचे सांधे लवकर झिजतात, आणि हाच कुत्रा पुढे अनेक वर्षं काम करणार असतो. हात फिरवला तर बरगड्या लागायला हव्यात. द्राक्षं, बेदाणे, कांदा, चॉकलेट कधीही देऊ नका.

कुत्रा निवडताना

पिल्लू घेतलं तर कामाला लागेपर्यंत दीड ते दोन वर्षं जातात. त्यापेक्षा दहा महिने ते दोन वर्षं वयाचा, माणसांत वाढलेला कुत्रा मिळाला तर स्वभाव आधीच पारखता येतो. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांना तोंडात वस्तू धरायची उपजत आवड असते, म्हणून जगभर त्यांना पसंती आहे. देशी कुत्राही चांगला शिकतो, पण तो पिल्लू असल्यापासून घरात वाढलेला हवा. रस्त्यावर मोठा झालेला, अनोळखी माणसाला पाहून मागे सरणाऱ्या कुत्र्याला घर जरूर द्या, काम देऊ नका. गर्दी आणि गोंगाट हा त्याच्यासाठी रोजचा छळ ठरतो.

पारख अशी करा. कुत्रा निवांत असताना पाच-सहा फुटांवर स्टीलचं ताट पाडा. दचकणं ठीक, पण काही क्षणांत स्वतःहून हुंगायला पुढे यायला हवा. कोपऱ्यात जाऊन बसला आणि बाहेरच आला नाही, तर नको. पंजे, कान, शेपटी हाताळू देतो का बघा. तो जेवत असताना जवळून जा. अंग ताठ झालं किंवा गुरगुरला तर नको. कागदाचा बोळा टाकला की त्याच्यामागे जाऊन तोंडात धरतो का? धरत असेल तर अर्धं काम सोपं. कुबड्या किंवा वॉकर घेतलेल्या माणसाकडे तो कसा बघतो तेही पाहा. यातल्या एका गोष्टीवर अडखळला तर पुन्हा बघू असं म्हणता येईल. गुरगुरण्याला मात्र सवलत नाही.

निवडल्यावर पशुवैद्याकडून डोळे, हृदय आणि खुब्याचे-कोपराचे एक्स-रे तपासून घ्या. रेबीजची लस, पाच रोगांची एकत्रित लस आणि लेप्टोची लस वेळेवर हवी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो. गोचिडांवरचं औषध वर्षभर चालू ठेवा, कारण गोचीड तापाने धडधाकट कुत्राही काही दिवसांत गळून जातो. महापालिकेचा परवाना काढून ठेवा. सोसायटीत वाद झाला तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना दाखवा. कुत्रा पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही.

खुर्चीची ओळख आणि आज्ञांचे शब्द

पहिल्या आठवड्यात खुर्ची थांबलेलीच ठेवा आणि तिच्याभोवती खाऊ टाका. मग खुर्ची एक वीत हलवा, खाऊ द्या. मग हातभर. पुढच्या लहान चाकांखाली पंजा सापडण्याचा धोका सर्वांत मोठा, म्हणून खुर्चीपासून फूटभर लांब चालण्याची सवय पहिल्यापासून लावा. खाऊ नेहमी बाहेरच्या बाजूला, कुत्र्याच्या पायाशी टाकला की तो आपोआप अंतर ठेवतो. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरमध्ये जॉयस्टिकच्या विरुद्ध बाजूला कुत्रा चालवा. पट्टा खुर्चीला किंवा मनगटाला कधीही बांधू नका. मांजर दिसल्यावर पंचवीस-तीस किलोचा कुत्रा उडी मारतो, तेव्हा खुर्ची उलटते किंवा खांदा निखळतो.

ज्यांना पायांत संवेदना नाही त्यांनी आणखी जपावं. कुत्र्याने मांडीवर पंजे ठेवले तर नखाचा ओरखडा कळत नाही आणि जखम चिघळते. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा, मांडीवर जाड दुपटा ठेवा, आणि पंजे वर ठेवणं आज्ञेशिवाय होऊ देऊ नका.

आज्ञा ठरवताना मोठ्याने बोलून बघा. ‘ओढ’ आणि ‘सोड’ कानाला जवळजवळ सारखे लागतात, ‘ये’ आणि ‘दे’ सुद्धा. म्हणून ओढण्यासाठी ‘खेच’, बोलावण्यासाठी ‘इकडे’ असे शब्द ठेवा. ‘बस’ हा शब्द घरात ‘बस झालं’, ‘बस आली’ असा दिवसभर ऐकू येतो, म्हणून बरेच जण ‘सिट’ म्हणतात. ते योग्यच आहे. ठरलेले शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सगळ्यांनी तेच वापरावेत.

पडलेली वस्तू उचलून हातात देणं

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. बाकीची बरीच कामं यातूनच निघतात.

सुरुवातीला जुनं, लहान, रंग न लावलेलं लाटणं घ्या. जाडी तोंडाला बरोबर बसते आणि लाकूड दातांना सोसतं. हे खेळणं नव्हे. सराव संपला की कपाटात ठेवा. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दहा-पंधरा प्रयत्न, दिवसातून दोन-तीनदा. यापेक्षा जास्त केलं तर कुत्रा कंटाळतो आणि चुका वाढतात.

लाटणं कुत्र्याच्या नाकासमोर आडवं धरा. हुंगलं की ‘यस’, खाऊ. पाच-सहा वेळा झाल्यावर नुसत्या हुंगण्याला ‘यस’ म्हणू नका, थांबा. कुत्रा बुचकळ्यात पडून चाटेल किंवा दात लावेल. त्या क्षणी ‘यस’. मग तोंडात घेतल्यावरच ‘यस’. इथे घाई करून लाटणं तोंडात कोंबणं ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. त्यानंतर कुत्रा वस्तू पाहून तोंड फिरवायला लागतो आणि ती नावड घालवायला महिने लागतात.

तोंडात घेऊ लागला की ‘धर’ शिकवा. एक सेकंद, मग दोन, तीन, पाच, दहा. मधूनमधून पुन्हा एक सेकंदावर या, म्हणजे दर वेळी अवघडच होत जातं असं त्याला वाटणार नाही. त्यानंतर ‘दे’: तळहात हनुवटीखाली धरा आणि वस्तू हातात टेकल्यावरच ‘यस’ म्हणा. ‘यस’ ऐकताच कुत्रा तोंड उघडतो, म्हणून आवाज अर्धा सेकंद लवकर आला तरी वस्तू जमिनीवर पडते आणि त्याला वाटतं पाडायचीच आहे.

देणं पक्कं झाल्याशिवाय उचलायला लावू नका. साखळीचं शेवटचं टोक आधी पक्कं केलं की कुत्रा नेहमी माहितीच्या गोष्टीकडे जात राहतो आणि मध्येच सोडून देत नाही. आता लाटणं तळहातावर ठेवा, मग पाटावर, मग जमिनीवर. जमिनीवरून उचलताना मान खाली घालून पुढच्या दातांनी पकडावं लागतं, म्हणून पाटाचा टप्पा गाळू नका. मग अंतर: एक फूट, तीन फूट, सहा फूट. अंतर वाढवताना वस्तू तीच ठेवा. वस्तू बदलताना अंतर परत एक फुटावर आणा.

पुढे कधी जायचं यासाठी एक हिशेब उपयोगी पडतो. दहा प्रयत्नांत आठ किंवा जास्त बरोबर आले तर पुढचा टप्पा. सहा-सात आले तर तिथेच सराव. पाच किंवा कमी आले तर एक टप्पा मागे. हे वहीत लिहा. मनातला अंदाज नेहमी आपल्याला बरं वाटेल तसाच निघतो.

वस्तूंचा क्रम साधारण असा ठेवा: लाटणं, सुती नॅपकिन, रिकामी प्लास्टिकची बाटली, कापडी पिशवीत घातलेला रिमोट, जाड रबरी कव्हरचा मोबाईल, आणि चामड्याचा तुकडा अडकवलेली किल्ली. धातू दातांवर लागलेला बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही, म्हणून चमचा किंवा नुसती किल्ली शेवटी, तीही आधी कापड गुंडाळून. औषधाची पाकिटं, काच, सुरी, सुई, कॅथेटरचं सामान कधीही उचलायला शिकवू नका, आणि अशा वस्तू कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशाच ठेवा. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी आहेत. पाकीट चावलं तर लगेच पशुवैद्याकडे न्यावं लागतं.

कुत्रा वस्तू चघळत असेल तर ‘धर’ फार लांबवला आहे किंवा ‘यस’ उशिरा येतो आहे. एक सेकंदावर परत या आणि जबडा स्थिर असतानाच ‘यस’ म्हणा. पायाशी टाकून देत असेल तर बहुधा त्याला खाऊ दिसतो आहे. खाऊ पाठीमागे किंवा पिशवीत ठेवा, तीन सेकंद गप्प थांबा, स्वतः वाकून उचलू नका. अनेक कुत्रे मग पुन्हा उचलतात. वस्तू घेऊन पळत असेल तर पूर्वी कोणीतरी चप्पल घेऊन पळालेल्या त्याच्यामागे धावलेलं असतं. मागे धावणं घरात सर्वांनी बंद करा आणि वस्तूच्या बदल्यात खाऊ द्या. शेवटी, वस्तू फेकून शिकवू नका. त्याने कुत्रा फक्त हलत्या वस्तूमागे धावायला शिकतो. स्थिर पडलेला मोबाईल त्याला दिसतसुद्धा नाही.

घंटा वाजवणं

आपल्या घरांतली विजेची बटणं बारीक असतात, कुत्र्याच्या नाकाने ती नीट दाबली जात नाहीत आणि ओल्या नाकाने विजेला हात घालायला शिकवण्यातही शहाणपण नाही. त्याऐवजी बॅटरीवर चालणारी, मोठ्या बटणाची वायरलेस डोअरबेल घ्या. बटण एका लाकडी फळीवर पक्कं बसवून कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला, लॅब्राडोरसाठी जमिनीपासून साधारण दीड फुटावर, भिंतीला लावा. आवाजाचा डबा घरच्यांच्या खोलीत.

आधी तीन इंचाचं डब्याचं झाकण तळहातावर धरा. नाक लागलं की ‘यस’. मग झाकण भिंतीला धरून, मग बटणावर दुहेरी चिकटपट्टीने लावून. आता नुसत्या स्पर्शाला नव्हे, घंटा वाजल्यावरच ‘यस’. घंटेच्या आवाजाने दचकत असेल तर सुरुवातीला आवाजाचा डबा उशीखाली किंवा बंद कपाटात ठेवा. बटणावर पंजा मारत असेल तर उंची थोडी वाढवा. पंजाने फळी महिन्याभरात उखडते. मग ‘घंटा’ शब्द जोडा आणि अंतर वाढवा: तीन फूट, खोलीच्या टोकापासून, शेजारच्या खोलीतून.

या कामात घरच्यांची जबाबदारी मोठी आहे. घंटा वाजली की दर वेळी कोणीतरी यायलाच हवं. चार वेळा कोणी आलं नाही तर कुत्र्यासाठी त्या बटणाला अर्थ उरत नाही. कुत्रा मनाने घंटा वाजवायला लागला तर त्या वाजवण्याला खाऊ देऊ नका आणि आज्ञा पक्की होईपर्यंत सरावाबाहेर बटण झाकून ठेवा.

मग खऱ्या परिस्थितीचा सराव. माणूस खुर्चीतून पडला की आवाज बारीक होतो आणि चेहरा जमिनीजवळ असतो; कुत्र्याला हा खेळ वाटतो, तो चाटतो, अंगावर येतो. म्हणून आधी घरच्यांपैकी एकाला जमिनीवर झोपवून, कुत्रा शांत उभा राहिला तर खाऊ द्या. मग स्वतः पलंगावर आडवं होऊन हळू आवाजात ‘घंटा’. मग बाथरूममधून, रात्री दिवे बंद करून. दर महिन्याला एकदा हा सराव पुन्हा करा आणि बॅटरी तपासा. तरीही मोबाईल जवळ असायलाच हवा. घंटा हा दुसरा मार्ग आहे.

खेचणं, आणि जे शिकवू नये ते

जुन्या सुती ओढणीची वेणी घाला, दोन फूट लांब, टोकाला गाठ. आधी हातात धरून हलकेच खेळवा, ‘खेच’ आणि ‘सोड’ दोन्ही पक्कं करा. मग हलक्या खणाला बांधा, गाठ कुत्र्याच्या छातीच्या उंचीला येईल अशी. दाराला कडी किंवा बोल्ट असेल तर आधी चुंबकाची कडी बसवून घ्या. घट्ट दार ओढताना कुत्रा मानेला झटके देतो आणि मान दुखावते. कायमचे दात पूर्ण येईपर्यंत, म्हणजे सात महिन्यांपर्यंत, खेचण्याचा खेळ हलकाच ठेवा. जड दार वाढ पूर्ण झाल्यावर, दीड वर्षानंतर.

फ्रिजचं दार उघडायला शिकवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. आमचं मत विरुद्ध आहे: दार उघडं राहतं, आणि हुशार कुत्रा ते ज्ञान स्वतःसाठी वापरतो. व्हीलचेअर ओढायला लावणं आणि खुर्चीतून पलंगावर जाताना कुत्र्याच्या पाठीवर भार टाकणं तर पूर्ण टाळा. कुत्र्याच्या पाठीचा कणा वरून येणाऱ्या वजनासाठी बनलेला नाही, आणि तो बाजूला सरकला तर माणूस पडतो. तिथे सरकफळी आणि आधाराची दांडीच हवी.

घराबाहेर

घरात पक्कं झालेलं काम बाहेर अर्धं उरतं, हे गृहीत धरा आणि प्रत्येक नव्या जागी पहिल्या टप्प्यांपासून झरझर पुन्हा जा. सहाय्यक श्वान वापरणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ‘आयएएडीपी’ने, किमान सहा महिन्यांत मिळून १२० तासांचं प्रशिक्षण आणि त्यातले ३० तास बाहेर, असा किमान निकष सुचवला होता. ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ ही असे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान तीन कामं आणि पहिल्याच आज्ञेला ९० टक्के वेळा प्रतिसाद मागते. घरच्या कुत्र्यालाही हीच पट्टी लावा. पैसे भरून मिळणारं ओळखपत्र आणि जाकीट यातलं काहीच सिद्ध करत नाही.

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत परत या. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर पंजेही पोळतात. भटके कुत्रे ही आपल्या रस्त्यांवरची खरी अडचण. सुरुवातीला सोबत चालणारा एक माणूस हवाच, त्याने पुढे राहून रस्ता मोकळा करावा, आणि लांबत जाणारा गुंडाळीचा पट्टा मुळीच वापरू नका. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज गणपती-दिवाळीच्या दोन-तीन महिने आधीपासून, अगदी हळू आवाजात, जेवणाच्या वेळी ऐकवा. दिवाळीच्या चार दिवसांत बाहेरचं काम बंद ठेवा.

जेवताना ताटातला पोळीचा तुकडा देणं घरात थांबवा. त्याने कुत्रा काम सोडून स्वयंपाकघरात बसतो. ज्या आजींना द्यायचंच असेल त्यांनी तो तुकडा खुर्चीतल्या माणसाच्या वाटीत टाकावा. जाकीट अंगावर असेल तेव्हा मुलांनी हाक मारायची नाही, जाकीट उतरलं की मनसोक्त खेळायचं. रोज तासभर तरी कुत्र्याला कामाविना मोकळं असायला हवं. माणूस रुग्णालयात गेला तर कुत्र्याला कोण सांभाळणार, हे आधी ठरवून लिहून ठेवा.

बहुतेक कुत्रे आठ ते दहा वर्षांच्या वयात थकतात. उठताना कुरकुरणं, वस्तू उचलताना थांबणं, घंटेकडे हळू जाणं दिसलं की आधी दुखणं तपासून घ्या आणि खेचण्याचं काम सर्वांत आधी बंद करा. पुढच्या कुत्र्याची तयारी पहिला सात वर्षांचा झाला की सुरू करा, म्हणजे मधल्या काळात माणूस बिनमदतीचा राहत नाही आणि म्हाताऱ्या कुत्र्यावर ओढाताण होत नाही.